शाळेने ‘आफ्रिका’ नावाचा देश दिलाय, पोरीला काय सांगू?

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत आहे. शाळेत पुढच्या महिन्यात ‘जगाची सफर’ असा कार्यक्रम आहे, प्रत्येक तुकडीने एकेक देश सादर करायचा. अ ला जपान, ब ला फ्रान्स आणि आमच्या क ला आफ्रिका. आता आफ्रिका हा देश नाही, खंड आहे, एवढं शाळेला माहीत असायला हरकत नाही, पण पालकांच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकीने नुसता अंगठा टाकला आणि दुसरीने लगेच ड्रेसवाल्याचा नंबर. ड्रेस म्हणजे काय तर काळी टाइट्स, त्यावर सुतळीच्या झालरीचा घागरा, गळ्यात प्लॅस्टिकची हाडं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि तोंडाला काळा रंग. दादरला भाड्याने मिळतो म्हणे, डिपॉझिट वेगळं.

ड्रेसचं काय, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण रात्री पोरगी विचारते, आई तिकडे शाळा असतात का गं, का सगळे झाडाखालीच राहतात? मी असतात म्हटलं आणि पुढे काय सांगावं तेच सुचेना, कारण मलाही सिंह, वाळवंट आणि टीव्हीवरचा दुष्काळ याच्यापलीकडे काही येत नाही. बाकीचं जग तरी कुठे, तिच्यासाठी जपान म्हणजे कार्टून, फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर आणि अमेरिका म्हणजे दिवाळीला चॉकलेट पाठवणारा मामा. संपलं जग.

आमच्याकडे कोणाचाच पासपोर्ट नाही, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, घर वन रूम किचन, त्यामुळे ‘मुलांना फिरवून आणा’ हा सल्ला कृपया नको. इथेच मुंबईत बसून, फार खर्च न करता, दुसऱ्या देशातली माणसं कशी राहतात हे आठ वर्षांच्या पोरीला कसं दाखवायचं? आणि शाळेत हे तोंड रंगवायचं कसं थांबवू, तेही ‘ती एक आगाऊ आई’ असा शिक्का न बसता?

चाळकरी_७नंबर

अहो ताई नाचू दे ना पोरांना. आम्ही गॅदरिंगला अंगाला पानं बांधून झिंगालाला करत नाचलोय, काय बिघडलं आमचं? तिसरीतलं पोर आहे, यूपीएससीचं नाही. बाकी डिपॉझिट परत देताना तो ड्रेसवाला झालर तुटली म्हणून पैसे कापतो, फोटो काढून ठेवा.

नैरोबी_रिटर्न

वरचे दादा, काय बिघडलं ते सांगते. तुम्ही आजही आफ्रिका म्हटलं की झिंगालालाच म्हणताय, हेच बिघडलं :) राग नको.

ताई, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं नैरोबीला होतो, आता मुलुंडला. पहिलं सांगते, आफ्रिका शिकवायला जाऊच नका, ५४ देश आहेत, तुम्ही दमाल आणि पोरगी कंटाळेल. एकच देश घ्या. मी केनिया सांगेन कारण मला तोच येतो, आणि शाळेलाही सांगता येईल की आफ्रिकेतला केनिया हा देश आम्ही करतो, म्हणजे त्यांचा बोर्डही बदलायला नको.

आता शाळा असतात का. युनिफॉर्म घातलेली, स्वेटर अडकवलेली, दप्तराच्या ओझ्याने वाकलेली पोरं सकाळी रस्त्याने जाताना दिसतात, भांडुपसारखीच. स्वेटर यासाठी की नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १७०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, त्यामुळे जुलैमध्ये तिथे चक्क थंडी वाजते. तिला नकाशात दाखवा की विषुववृत्त केनियाच्या मधून जातं, आणि मग सांगा की तिथून जवळच माउंट केनिया नावाचा डोंगर आहे, ५१९९ मीटर, त्याच्या माथ्यावर बर्फ असतो. विषुववृत्तावर बर्फ! माझा भाचा यावर अर्धा तास वाद घालत होता.

दुसरी गोष्ट तिला खूप आवडेल. शहराला लागून राष्ट्रीय उद्यान असलेली मुंबई एकटी नाही, नैरोबीत पण आहे. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटर, आपलं बोरिवलीचं साधारण १०४. आपल्याकडे बिबट्या सोसायटीत शिरतो तर त्यांच्याकडे कधीकधी सिंह रस्त्यावर येतो, आणि तिकडचे लोक पण आपल्यासारखेच आधी मोबाईल काढतात. फोटो शोधून दाखवा, पुढे जिराफ चरतोय आणि मागे ऑफिसच्या उंच इमारती. ‘झाडाखाली राहतात का’ याचं उत्तर त्या एका फोटोत मिळतं.

खाणं म्हणाल तर रोजचं उगाली, म्हणजे मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी, आणि खायचं हाताने. चहा भरपूर दूध घालून उकळलेला. आणि चपाती! त्यांच्याकडे पण चपातीच म्हणतात. मैद्याची, तेल लावून पदर काढलेली, आपल्या घडीच्या पोळीची जाडजूड बहीण. ती रोज नसते हां, कष्टाचं काम म्हणून रविवारी नाहीतर नाताळला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी रोज पोळ्या करते याचंच नवल वाटायचं, म्हणायच्या तुमच्याकडे रोज सण असतो का.

ही चपाती तिथे गेली कशी तेही सांगा. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे बांधली, १८९६ ते १९०१, त्यासाठी हिंदुस्थानातून ३० हजारांवर मजूर नेले, बरेचसे पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास माणसं त्या कामात मेली. बरेच परत आले, काही तिथेच राहिले, मागून गुजराती दुकानदार गेले. आज केनियात त्यांची कितवी पिढी चालू आहे कोण जाणे, आणि २०१७ साली तिथल्या सरकारने या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे ‘केनियातले लोक’ म्हटल्यावर त्यात पटेल पण आले.

ड्रेसवर माझ्याकडे तोडगा आहे. तिकडे बायका कांगा वापरतात, एक आयताकृती सुती कापड, साधारण दीड मीटर लांब, चारी बाजूंनी रुंद काठ, मध्ये नक्षी, आणि खालच्या काठाच्या वर एक वाक्य छापलेलं असतं. म्हण, आशीर्वाद, टोमणा, काहीही. जोडीने विकत मिळतात, घरी आणून मधून कापायचे, एक कमरेला गुंडाळायचा, दुसरा खांद्यावर नाहीतर डोक्यावर, पोर पाठीला बांधायचं तरी तोच. शेजारणीला काही ऐकवायचं असेल तर तोंडाने बोलत नाहीत, त्या वाक्याचा कांगा नेसून तिच्या दारावरून जातात. आमच्या बिल्डिंगमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलंय, हसून पुरेवाट. तर एक जुनी कॉटनची ओढणी घ्या, फॅब्रिक पेंटने काठ काढा, आणि पोरीला वाक्य लिहू दे. मूळ स्वाहिली, म्हणजे तिकडच्या भाषेतलं, हवं असेल तर ‘हराका हराका हायना बराका’ लिहा, म्हणजे घाईघाईत बरकत नसते. आपल्या घाटातल्या पाट्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ असतंच की. भाल्यापेक्षा स्वस्त, आणि घरी वापरता येईल.

चाळकरी_७नंबर

टोमण्याचा कांगा आमच्या चाळीत आणा हो. दोन्ही मजल्यांवर खपेल.

गडवेडा_कल्याण

कोणाला वाईट वाटलं तर माफ करा पण आधी आपलं दाखवा मग जगाचं. आजकालच्या पोरांना सिंहगड कुठे ते माहीत नसतं, आठवड्याचे वार मराठीत येत नाहीत, आणि आपण त्यांना स्वाहिली शिकवणार. कोळीवाडा दाखवा, वारली पाड्यावर न्या, लेणी दाखवा, कान्हेरी तिथेच आहे. एवढं झालं की मग केनिया. हे इंटरनॅशनल वगैरे शाळांचं फी वाढवायचं फॅड आहे असं माझं स्पष्ट मत.

परळचे_मास्तर

फी वाढवायच्या मुद्द्यावर गडवेडा यांच्याशी सहमत, बाकीच्यावर नाही. मी अनुदानित मराठी शाळेत शिकवतो, आमच्याकडे फी नाही आणि फॅडही नाही, पण पाचवीच्या वर्गात आफ्रिका मी गडांवरूनच सुरू करतो.

मलिक अंबर घ्या. जन्म आजच्या इथिओपियात, १५४८च्या आसपास. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारातून बाजारात, बगदादवरून फिरत फिरत दख्खनला पोचला, अहमदनगरच्या निजामशाहीत. त्याला विकत घेणारा सरदार स्वतः पूर्वी हबशी गुलाम होता. तिथून हा मुलगा निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, मोगलांना जन्मभर झुलवत ठेवलं, १६१० साली खडकी शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे जमिनीखालून पाणी खेळवलं ती नहर-ए-अंबरी. १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. गनिमी काव्याचा विषय निघाला की त्याचं नाव टाळून पुढे जाताच येत नाही. आता सांगा गडवेडा, हे ‘आपलं’ की ‘त्यांचं’? जंजिऱ्याच्या सिद्दींचंही मूळ आफ्रिकेतच. तुम्ही राजपुरीहून होडीत बसून जंजिऱ्याला जाताच ना, मग पोराला तिथे उभं करून समोरचा समुद्र दाखवा आणि विचारा की ही माणसं आली कुठून, कशी. वारली पाडाही दाखवा, मी नाही म्हणत नाही.

‘कशी’चं उत्तर पण आपल्याच हवेत आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, तेव्हा गलबतं इकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची, आणि पुढे वारा फिरून नैऋत्येकडून वाहायला लागला की त्याच वाऱ्यावर परत. आपण जूनमध्ये ज्याची वाट बघतो तो पाऊस घेऊन येणारा वारा केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळूनच येतो. मुलं हे ऐकून खिडकीबाहेर बघतात. भूगोलाच्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघतात ती एरवी वेगळ्या कारणाने.

भांडुपच्या ताई, घरात पृथ्वीचा गोल आहे का? नसेल तर खेळणं घेण्याऐवजी तो घ्या, लहान चालेल, फक्त घेताना भारताच्या सीमा नीट छापल्यात का ते बघा, बाहेरून आलेल्या गोलांवर काश्मीर कसंही दाखवलेलं असतं. भिंतीवरच्या नकाशाची एक गंमत असते, संत्र्याची साल सपाट करायला गेलं की ती फाटते नाहीतर ताणावी लागते, तसा तो ताणलेला असतो, म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या जवळपास १४ पट आहे. गोलावर दोरा धरून मुलीलाच मोजू दे. आणि मग सांगा की आफ्रिका ३ कोटी चौरस किलोमीटर, भारत ३२ लाख ८७ हजार, म्हणजे नऊ भारत बसतील, आणि लोकसंख्या मात्र आपली आणि सगळ्या आफ्रिकेची जवळपास सारखीच. रोज लोकलने जाणाऱ्या पोराला यावर वेगळं भाष्य लागत नाही.

बाईंशी बोलायचं तर ग्रुपवर बोलू नका. ग्रुपवर शिक्षक चुकला की त्याला मागे फिरता येत नाही, सगळे बघत असतात. सुटल्यावर दोन मिनिटं भेटा आणि तक्रार घेऊन जाऊ नका, तयार सामान घेऊन जा. ‘आम्ही केनिया असा असा करतो, चार ओळी लिहून आणल्यात, गाणं पण आहे’ असं म्हटलं की कुठलीही बाई सुटकेचा श्वास सोडेल. तिच्याकडे पन्नास मुलं, निकालाचे तक्ते आणि वरून ही सफर.

गडवेडा_कल्याण

मलिक अंबरबद्दल मास्तरांशी वाद नाही. भातवडीला जाऊन आलोय. पण वार मराठीत आलेच पाहिजेत.

परळचे_मास्तर

आलेच पाहिजेत.

पिंट्याचे_बाबा

मी वाचनमात्र असतो पण हा विषय आमच्या घरी चालू असतो म्हणून लिहितोय. पोरगा दुसरीत, आणि आमचं सगळं जगाचं दर्शन स्वयंपाकघर आणि वेस्टर्न हार्बर सेंट्रल यांच्यावर चालतं.

राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला रांग लावतात, मी पण लावली, पण तिथल्या गोरखचिंचेकडे कोणी ढुंकून बघत नाही. गोरखचिंच म्हणजे बाओबाब, मूळचं आफ्रिकेतलं झाड, आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर आलं असं मानतात. वसईच्या किल्ल्यात पण आहेत. पोराला खोडाला मिठी मारायला लावली, आम्ही दोघं मिळून हात लावून पण पुरलो नाही. वर्षातले कितीतरी महिने एक पान नसतं, वाळलं असं वाटतं, पावसाळ्याच्या तोंडाला पालवी फुटते आणि पांढरी लोंबती फुलं रात्री उमलतात, तीही वटवाघळांसाठी. त्या दिवसापासून आमच्याकडे आफ्रिका म्हणजे ते झाड आहे. आणि पेंग्विन दाखवलात तर त्याच फेरीत हेही सांगा की ते अंटार्क्टिकाचे नाहीत, हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही. मी शेजारच्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग एसीचं बिल कशाला भरतात. मला उत्तर आलं नाही.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, फुकटात बघायला मिळते. पुढे पळणारे बहुतेक दरवेळी इथिओपियाचे नाहीतर केनियाचे असतात. आम्ही पहाटे मरीन ड्राइव्हला जातो, आदल्या दिवशी घरी कागदावर दोन्ही झेंडे काढायचे. केनियाच्या झेंड्यावर ढाल आणि भाले आहेत, त्यामुळे पुठ्ठ्याचा भाला हवाच असेल त्यांना तिथे काढू दे. ते लोक इतक्या वेगाने जातात की झेंडा हलवेपर्यंत पुढे गेलेले असतात पण एकाने एकदा पोराकडे बघून हात केला, तो विषय अजून चालू आहे. ताई, तुमच्या तुकडीतल्या एखाद्या पोराला किपचोगे करा, इलियुड किपचोगे, २०१९ला व्हिएन्नात ४२ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला. हाफ पँट, बनियन, छातीवर नंबर. भाड्याचा प्रश्नच नाही. मुलींसाठी वांगारी मथाई, केनियात झाडं लावायची चळवळ उभी केली १९७७पासून, २००४चं शांततेचं नोबेल. हातात एक रोप दिलं की झालं.

आता खाणं. केनियाच्या शेजारी युगांडा, तिथे रस्त्यावर रोलेक्स मिळतो, घड्याळ नाही, खायचा. दोन अंडी फोडायची, त्यात बारीक कांदा, टोमॅटो, कोबी, मीठ, तव्यावर ओतायचं, वर चपाती ठेवायची, अंडं चिकटलं की उलटायचं आणि गुंडाळी करून कागदात. म्हणजे आपला ऑम्लेट-पोळीचा रोलच, कंपालाची गल्ली असो की करी रोडची, गाडीवाल्याची अक्कल सारखीच चालते. अंडं नको असेल तर बेसनाचं धिरडं लावा, युगांडावाला बघायला येणार नाही. पिंट्या डब्यात हाच नेतो आणि मित्रांना आज रोलेक्स आणलंय म्हणून सांगतो, बाईंनी एकदा वर बोलावलं होतं मला.

एक मात्र पाळतो. यूट्यूब लावून देत नाही. आफ्रिका टाकलं की पहिले सगळे सिंह-हरिण आणि ‘जगातली सर्वात विचित्र जमात’ छाप व्हिडिओ येतात, खाली कमेंट वाचवत नाहीत. त्यापेक्षा गूगल मॅपवर नैरोबीचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यांचे फोटो, लावतो आणि आम्ही दोघं नुसते रस्त्याने चालतो. दुकानं, मटाटू म्हणजे तिकडच्या रंगवलेल्या मिनीबस, शाळेची फाटकं, वाळत घातलेले कपडे. पोराचं पहिलं निरीक्षण होतं की बाबा इथे पण फुटपाथवर गाड्या लावतात.

रिसेप्शनवाली_दक्षिण_मुंबई

एक राहिलं म्हणून लिहिते. मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला आहे, आमच्याकडे केनिया, टांझानिया, नायजेरियाहून खूप पेशंट येतात, घरचं कोणीतरी सोबत, कधी लहान मुलं पण. आणि आपले लोक काय करतात ते रोज बघते. लिफ्ट आली की पुढच्या लिफ्टने जाऊ म्हणतात. एक आजोबा न विचारता एका बाईच्या केसांच्या वेण्यांचा फोटो काढत होते, कौतुकानेच, पण ती बाई नवऱ्याच्या ऑपरेशनची वाट बघत होती हो. लोकलमध्ये पण बघा, आफ्रिकन माणूस बसला की शेजारची सीट गर्दीच्या वेळेला रिकामी. पोरं हे बघतात. घरी कितीही गोल फिरवा.

काही मोठं करायला नको. नजरानजर झाली तर हसायचं, पोराला विचारायचं असेल तर कुजबुजून बोट दाखवायचं नाही, सरळ जाऊन हॅलो म्हणायचं. केनिया-टांझानियाची असतील तर ‘जांबो’ म्हटलं की चेहरा असा खुलतो. टांझानियातल्या मुलांचं मला फार आवडतं, मोठं माणूस भेटलं की ‘शिकामू’ म्हणतात आणि मोठ्यांनी ‘मराहाबा’ म्हणायचं, आपल्या वाकून नमस्काराच्या जागी ते. एक छोटी मला रोज म्हणायची, मी पण शिकले. आमच्या मावशी, लादी पुसणाऱ्या, त्या तर अस्सल मालवणी हेलात मराहाबा म्हणतात.

भांडुपची_आई

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळ्यांचे आभार. मास्तर तुमचं ऐकून बाईंना सुटल्यावर भेटले. हातात कागद होता चार ओळींचा, आणि बाईंचा पहिला प्रश्न ‘गाणं किती मिनिटांचं?’ एवढाच होता. बॅनर ‘आफ्रिका’ असाच छापून आलाय, तो बदलत नाहीत, पण खाली केनिया लिहितील. तोंड रंगवणं कॅन्सल. त्याचं कारण बाईंनी ग्रुपवर ‘मुलांच्या त्वचेला रंगाची अ‍ॅलर्जी होऊ शकते’ असं दिलंय, मी म्हटलं कारण काहीही असो. एका आईने मात्र ड्रेसचं अ‍ॅडव्हान्स भरलंय, ती झालरीवर ठाम आहे, तो मुलगा येईल भाला घेऊन.

पाच मुली कांगा करणार, वॉचमनच्या मुलाला किपचोगे व्हायचंय, तो तसाही दिवसभर पळतच असतो. रोलेक्स केला, सासूबाई म्हणाल्या ही तर आपली अंडापोळी, आणि दोन खाल्ल्या. रविवारी राणीच्या बागेत जाणार आहोत, गोरखचिंच नक्की कुठे ते तिथल्या माळीदादांना विचारेन.

पोरीचा नवा प्रश्न असा की केनियात आत्ता किती वाजले. अडीच तास मागे म्हणून सांगितलं तर आता दर जेवणाला विचारते, आपण जेवतोय तर तिकडे काय चाललंय. म्हणते मग ते लोक क्लासला गेले असतील. क्लास तिकडे पण असतात का हो नैरोबीताई?

नैरोबी_रिटर्न

असतात की! ट्यूशन तिकडे पण आहे, पोरं तिकडे पण वैतागतात :)

वेळेचं आवडत असेल तर तिला अजून एक द्या, स्वाहिलीत वेळ मोजताना दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो म्हणून ते जमतं. इथिओपियात पण तसंच, शिवाय तिथे वर्षाचे महिने तेरा, बारा तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच नाहीतर सहा दिवसांचा, आणि नवं वर्ष आपल्या ११ सप्टेंबरच्या सुमाराला. मी पहिल्यांदा स्वाहिलीत वेळ विचारून भाजीवाल्याची अपॉइंटमेंट घेतली होती, तो बिचारा सांगितल्या वेळेला आला आणि मी अंघोळीला.

पिंट्याचे_बाबा

भाजीवाल्याची अपॉइंटमेंट??

नैरोबी_रिटर्न

घरपोच द्यायचा हो. आणि पैसे मोबाईलवर घ्यायचा, एम-पेसा, २००७पासून चालू आहे तिकडे, साध्या बटणांच्या फोनवर. आपलं यूपीआय २०१६चं. हे पण लिहा चार ओळींत.

चाळकरी_७नंबर

बरं मी हरलो. माझ्या पुतणीच्या शाळेत पण असंच काहीतरी आहे, त्यांना ब्राझील आलाय. फुटबॉल सोडून काय करता येईल? वेगळा धागा काढू का?

परळचे_मास्तर

काढा. तुमच्या वडापावातल्या बटाट्यापासून आणि मिरचीपासून सुरुवात करा, दोन्ही मूळचे तिकडच्या अमेरिकेतले, पोर्तुगीज इकडे आले त्यानंतर आपल्याकडे पोचलेले. ब्राझीलवर राज्यही पोर्तुगीजांचंच होतं आणि वसईवरही. पुतणीला तेवढं पुरेल महिनाभर.

भांडुपची_आई

शेवटचं विचारते मग त्रास देत नाही, फॅब्रिक पेंट धुतल्यावर जातो का? ओढणी सासूबाईंची आहे आणि त्यांना ती परत हवीय, ‘अति घाई’ लिहिलेली चालेल म्हणाल्या.

नैरोबी_रिटर्न

ओढणी आधी धुऊन घ्या, नवी असेल तर खळ निघायला हवी नाहीतर रंग धरत नाही. खाली वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते, जुनी चादर घाला. रंगवून एक दिवस तसंच सुकू दे, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, वर पातळ फडकं ठेवून. नंतर थंड पाण्यात, हाताने. आणि अक्षरं आधी पेन्सिलने आखून घ्या, ‘हायना’पर्यंत येता येता जागा संपते.